नौका कुणी बांधली?

शाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धांत एक प्रश्न हमखास येतो : समुद्रमार्गे पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा कोणी घातली? मुलं बेलवर हात मारून ‘मॅगेलन’ म्हणतात, पुष्कळदा परीक्षकही मान डोलावतात आणि गुण फळ्यावर चढतात. फर्डिनांड मॅगेलन मात्र २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या मॅक्टान बेटाच्या उथळ किनाऱ्यावर स्थानिकांशी झालेल्या लढाईत मारला गेला. स्पेनहून तो सप्टेंबर १५१९ मध्ये पाच जहाजं आणि सुमारे अडीचशे माणसं घेऊन निघाला होता. त्यातलं ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज ६ सप्टेंबर १५२२ रोजी लवंगांनी भरून परतलं. त्यावर युरोपातून निघालेल्यांपैकी अठराच माणसं उरली होती आणि त्यांचा कप्तान होता बास्क प्रांतातला हुआन सेबास्तियन एल्कानो. प्रदक्षिणा पुरी केली ती या अठरा जणांनी.

याच मॅगेलनचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध होता, हे त्या प्रश्नाच्या उत्तरात कधी येत नाही. तरुणपणी, १५०५ मध्ये, तो पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला आणि १५०९ च्या दीवच्या लढाईत लढला. पूर्वेकडचा मसाल्याचा मुलूख त्याने या बाजूने आधीच पाहिला होता. पुढे पश्चिमेकडून तिथे पोचता येईल, ही कल्पना त्याने स्पेनच्या राजाच्या गळी उतरवली.

आणखी एक गोष्ट त्या सफरीत घडली, तिच्यावर एक अख्खा तास शिकवावा इतकी ती मोलाची आहे. इटलीचा अँतोनिओ पिगाफेत्ता सफरीची रोजनिशी लिहीत होता. परतीच्या वाटेवर जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दच्या बेटांवर माणसं अन्नासाठी उतरली, तेव्हा तिथले लोक म्हणाले, आज गुरुवार. जहाजावरच्या हिशोबाने होता बुधवार. पिगाफेत्ताने एकही दिवस नोंदवायचा सोडला नव्हता. सूर्यामागून पश्चिमेकडे जात जात त्यांनी पृथ्वीभोवती फेरा घातला होता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला एक सूर्योदय कमी आला. आंतरराष्ट्रीय वाररेषा कागदावर यायच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी ती या खलाशांना प्रत्यक्ष भेटली.

मी स्वतः शाळांसाठी असे प्रश्न काढतो, आणि त्यातून एक खंत मनात साचत गेली आहे. आपले प्रश्न ‘कोणी केलं’ आणि ‘केव्हा केलं’ इथेच थांबतात. सागरी सफरींच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. कप्तानाचं नाव पाठ होतं, साल पाठ होतं. ज्या लाकडावर भरवसा ठेवून तो कप्तान दक्षिण महासागरात शिरला, ते लाकूड कुठल्या जंगलातलं, ते कुणी तासलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर जगाच्या नौकानयनाच्या इतिहासात मुंबई आणि गोवा ही नावं पुन्हा पुन्हा समोर आली असती.

आधी प्रदक्षिणा म्हणजे काय ते पाहू. अंटार्क्टिकाभोवती छोटा फेरा मारून कुणी ‘मी पृथ्वी फिरलो’ म्हणू शकत नाही. नौकानयनाच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे नियम असे : निघालात तिथेच परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचं आणि किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापायचं. हा आकडा कुठून आला? पृथ्वीचा परीघ ३६० अंशांचा, प्रत्येक अंशाचे ६० भाग, आणि असा प्रत्येक भाग म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार केला की २१,६००. आज हा मैल १,८५२ मीटरचा ठरलेला आहे. नौकेचा वेग मोजायलाही हाच मैल. पूर्वी दोरीला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत. दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारलेली असे. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके सागरी मैल तासाला. गाठींचं अंतर आणि घड्याळाचे सेकंद यांचं प्रमाण मैल आणि तास यांच्या प्रमाणाशी इतकं चपखल बसवलेलं आहे की खलाशाला आकडेमोड करावीच लागत नसे. दोरी आणि वाळू एवढ्यावर ज्यांनी हे जमवलं, त्यांच्या गणिताला नमस्कार करावा.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. तो २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. त्याला पोहता येत नव्हतं. त्याची ‘स्प्रे’ ही कालवं काढायची एक कुजकी नौका होती, मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुरणात टेकू देऊन उभी केलेली. स्लोकमने जवळच्या ओकची झाडं तोडून तिची एकेक फळी बदलली. या कामाला तेरा महिने आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले, हे त्याने लिहून ठेवलं आहे. स्लोकम मला जवळचा वाटतो तो याच नोंदीमुळे. नौका बांधणारा आणि हाकणारा इथे एकच माणूस होता, म्हणून बांधणाऱ्याचा हिशोब आपल्यापर्यंत पोचला. बाकीच्या बहुतेक ठिकाणी तो पोचलेला नाही.

आता मुंबईत येऊ. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधायला मुंबईत आले, आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली जहाजं पाण्यात उतरत राहिली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडचे ओक संपत आले, तेव्हा ब्रिटिश नौदलाने मलबारच्या सागाकडे मोर्चा वळवला. सागात तेल असतं, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. तोफेचा गोळा लागल्यावर ओकच्या धारदार ढलप्या उडत आणि गोळ्यापेक्षा त्यांनीच जास्त माणसं जखमी होत. साग त्या मानाने सौम्य.

जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली ‘एच. एम. एस. त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिच्या नकाशांची कथा अद्भुत आहे. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने लढाईत हरवलं. जहाज गेलं, नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि तेवढ्यात युद्ध संपूनही गेलं. पण नौका बांधली गेली ती अशी, की दोनशेहून जास्त वर्षांनी आजही ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ब्रिटनची पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका कोणती, या प्रश्नावर चांगले चांगले फसतात आणि नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चं नाव घेतात. ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी खरी, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. पाण्यावरची सर्वांत जुनी ती मुंबईची. आणि १८४२ च्या ज्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, त्यावर सह्या झाल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर. तेही मुंबईच्याच गोदीत १८१३ मध्ये बांधलेलं. आफूच्या युद्धाशी मुंबईचं नाव व्यापारातून जोडलेलं आहेच. तहाचं मेजही मुंबईच्या सागावर मांडलं गेलं, हे वाचून मला अभिमान आणि अस्वस्थता दोन्ही वाटतात, आणि दोन्ही वाटायला हवीत असं माझं मत आहे.

या व्यवहारात शब्दांचीही ये-जा झाली. आपली ‘डिंगी’ इंग्रजी कोशात जाऊन बसली. मुंबईच्या डोंगरी भागाशी नाव जोडलेलं जाडंभरडं सुती कापड खलाशांच्या अंगावर चढलं, शिडांना लागलं आणि त्यातून इंग्रजीतलं ‘डंगरी’ आलं. हिंदी महासागरातल्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी इतके होते की इंग्रज अधिकाऱ्यांना हुकूम द्यायला त्यांचीच मिश्र बोली शिकावी लागे. थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात खास त्यासाठी इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला. सारंग आणि तांडेल हे हुद्दे त्या जहाजांवर रोजच्या बोलण्यातले होते आणि कोकणच्या बंदरांत ते आजही ऐकू येतात.

मुंबईच्या लाकूडकामाचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र अजून पुढे होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. १९६० च्या दशकात त्याने मुंबईत स्वतःसाठी एक नौका बांधून घ्यायला घेतली. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बचावनौकांवरून बेतलेला जुना आराखडा, ३२ फूट लांबी, दोन डोलकाठ्या, आणि सगळं काम सागात. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हातातल्या अवजारांनी ती घडवली. १९६४ मध्ये ती तयार झाली. इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याला अरब नाखवे ज्या नावाने हाक मारतात, ते ‘सुहैली’ हे नाव तिला दिलं. मुंबईहून निघून आफ्रिकेला वळसा घालत १९६७ मध्ये ती इंग्लंडला पोचली.

त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टरने ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन फक्त सिडनीला थांबत एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली होती. आता एकच गोष्ट उरली : कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता एकट्याने जाऊन यायचं. ‘संडे टाइम्स’ने १९६८ मध्ये त्यासाठी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. सर्वांत आधी परतणाऱ्याला चषक आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला ५,००० पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी पोलादी नौका हवी होती. तिच्यासाठी पैसे देणारा कुणी भेटला नाही. म्हणून तो ‘सुहैली’च घेऊन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला. नऊ जणांच्या त्या शर्यतीत त्याची नौका सर्वांत लहान आणि संथ नौकांपैकी होती.

अटलांटिकमध्ये केप व्हर्दच्या आसपास तिच्यात पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्याखाली बुड्या मारून कण्याजवळच्या सांध्यांत कापूस ठासला, वर कॅनव्हासची आणि तांब्याची पट्टी ठोकली. मधे एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा खाली उतरला. पुढे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. रेडिओ बंद पडला आणि न्यूझीलंडनंतर साडेचार महिने त्याची काहीच खबर नव्हती. १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडलं आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तो फालमथच्या बंदरात शिरला. कस्टमचा अधिकारी रिवाजाप्रमाणे विचारता झाला, ‘कुठून आलात?’ उत्तर आलं, ‘फालमथहून.’ ३१२ दिवस.

बाकीच्या आठांचं काय झालं? काहींनी लवकर माघार घेतली. फ्रान्सचा बर्नार्ड म्वातेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे वळला. नायजेल टेटलीची नौका शेवटच्या टप्प्यात फुटून बुडाली, तो वाचला. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच राहून जगभर फिरत असल्याच्या खोट्या जागा कळवत राहिला. जुलैमध्ये त्याची रिकामी नौका सापडली, तो सापडला नाही. पोचला एकटा नॉक्स-जॉन्स्टन. चषकही त्याचा, ५,००० पौंडही त्याचे. ती रक्कम त्याने क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकली. त्याच्या धाडसाइतकंच हे मला मोठं वाटतं.

या कथेवर पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले. न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस म्हणून नॉक्स-जॉन्स्टनचं नाव प्रश्नसंचात असतं. ती नौका मुंबईची होती, हे मुंबईतल्या किती मुलांना कुणी सांगितलं आहे?

धागा तिथे तुटला नाही. भारतीय नौदलाचे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी फलटणजवळ विंचुर्णीला राहत. एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला आणि नौदलाला तो पटवून दिला. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी त्यासाठी नाव दिलं. एवढ्या लांबच्या एकट्या सफरीचा अनुभव तेव्हा देशात कुणालाच नव्हता. मार्गदर्शनासाठी दोंदे इंग्लंडला गेले ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच.

आणि नौका बांधली गोव्यात. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून पुढे धक्क्यावर आलं की मांडवीतून दिवार बेटाकडे फेरीबोट जाते. त्या बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौकाबांधणीचा कारखाना आहे. त्यांनी याआधी अशी महासागरात जाणारी नौका बांधली नव्हती. आराखडा डच होता, ५६ फुटांचा. बांधणीच्या काळात दोंदे तिथेच असत, कारण भर समुद्रात दुरुस्ती त्यांनाच करावी लागणार होती. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलाच्या ताब्यात आली आणि तिला मांडवीचं वरच्या अंगाचं नाव मिळालं : ‘म्हादेई’. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये ते परतले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

पाठोपाठ अभिलाष टॉमी. त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून कुठेही न थांबता ते ३१ मार्च २०१३ ला परत आले. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा भरली. नियम जुन्या काळचे : उपग्रहावरून जागा शोधायची नाही, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजायचे. टॉमींसाठी दांडेकरांच्या कारखान्यात ‘थुरिया’ बांधली गेली, आणि ती होती ‘सुहैली’ची प्रतिकृती. मुंबईत घडलेला घाट अर्ध्या शतकाने गोव्यात पुन्हा उभा राहिला. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली, आणि टॉमी काही क्षण मनगटी घड्याळाच्या पट्ट्याने डोलकाठीला लटकले होते. पाठीचा कणा जायबंदी झाला. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या मच्छीमारी गस्तीनौकेने त्यांना तीन दिवसांनी उचललं. पाठीत टायटॅनियम बसवलेला हा माणूस २०२२ मध्ये त्याच शर्यतीत दुसऱ्या नौकेतून पुन्हा उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन न्यूशेफर. एकट्याने करायची जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

‘म्हादेई’च्या आराखड्यावर दिवारलाच ‘तारिणी’ बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलातल्या त्यांच्या पाच सहकारी सप्टेंबर २०१७ मध्ये तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी २१ मे २०१८ रोजी गोव्यातच परतल्या. मग २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून गेल्या, आणि २९ मे २०२५ रोजी परत आल्या. वाटेत त्यांनी पॉइंट नेमो ओलांडला. हा प्रशांत महासागरातला असा बिंदू, की सर्वांत जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटर दूर. तिथे असणाऱ्याला सर्वांत जवळची माणसं बहुधा डोक्यावरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकातली असतात. तिथे दोघींच्या पायांखाली होती मांडवीकाठच्या कामगारांनी जोडलेली नौका.

दांडेकरांनीच गोव्यात ‘कौंडिण्य’ उभी केली. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र आहे, त्यावरून ती बेतलेली. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. चित्रात फक्त बाहेरचा आकार दिसतो, आतली रचना नव्याने विचार करून काढावी लागली. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात आली आणि २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाली. बाबू शंकरन यांचं नाव या वेळी बातम्यांत आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ‘सुहैली’च्या सुतारांना हे भाग्य लाभलं नव्हतं.

डहाणूपासून तेरेखोलपर्यंत आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे हात अजून आहेत. फायबरच्या होड्या आल्या तशी त्यांची कामं कमी होत चालली आहेत. तुमच्या गावात, आजोळी, ओळखीत असा कारागीर असेल तर यंदाच्या दिवाळीत त्याच्याकडे जा. कुठलं लाकूड, किती हात लांबी, कुठल्या अवजाराला काय म्हणतात, कुणाकडून शिकलात, हे विचारा आणि त्याच्या नावानिशी वहीत उतरवून घ्या. आणि शाळेसाठी प्रश्न काढणाऱ्या माझ्या मित्रांनो, पुढच्या वर्षीच्या संचात कप्तानाचं नाव विचाराल, तेव्हा त्याच्याखाली नौका बांधणाऱ्याचं नावही विचारा.